मुदतीचा ताप: आपण कशाची वाट पाहतो?

माझ्या भाच्याचा ताप एकोणिसाव्या दिवशी पहाटे उतरला. आपाचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसू होतं. "अंग गार लागतंय रे, दरदरून घाम आलाय. अल्लाहचा शुक्र आहे." मी कर्जतला होतो, ती खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. मी म्हटलं, "सांगितलं होतं ना, मुदत संपली की उतरेल." तिने शेजारच्या मुलांना शिरा वाटला. दुपारी दीडच्या सुमारास तिचाच फोन परत आला. सतरा वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला होता आणि कुणाला पोटाला हात लावू देत नव्हता.

त्याचा टायफॉइड बरा झाला नव्हता, त्याचं आतडं फुटलं होतं.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. टायफॉइडमध्ये आतड्याला छिद्र पडलं की पुष्कळदा अंगाचं तापमान एकदम खाली येतं आणि नाडी मात्र पळायला लागते. घरच्यांना वाटतं, सुटलो. म्हणजे आम्ही शिरा वाटला तो मुलाचं आतडं फुटल्यावर. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. आता लिहितो आहे, कारण यंदाही पावसाळ्यात आमच्या भागातल्या दोन-तीन घरांतून तेच वाक्य ऐकू आलं: "मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस घेणारच."

त्या दिवशी काय झालं ते थोडक्यात सांगतो. जवळच्या दवाखान्यात दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळालं. दुखणं तासभर दबलं, आणि तो तासही गेला. मग पनवेल, तिथून मुंबई. उभं करून पोटाचा एक्स-रे काढला तर छातीच्या पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर दिसत होती. आतड्यातली हवा बाहेर पोटात आली होती, आणि हवेबरोबर बाकी सगळंही. शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दोन छिद्रं होती. पोट धुतलं, खराब भाग कापला आणि आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावली. मुलगा वाचला. सर्जन मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "ताप आल्यापासून एकोणीस दिवस तुम्ही काय करत होता?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटली. आम्ही मुदत संपायची वाट पाहत होतो.

मराठीत टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणतात, आमच्या घरांत मियादी बुखार. दोन्ही नावांचा अर्थ एकच. हा ताप आपला वेळ घेतो, सात, चौदा नाहीतर एकवीस दिवस. ज्या काळात हे नाव पडलं त्या काळात ते खरं होतं. या रोगावर चालणारं पहिलं प्रतिजैविक, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ साली आलं. त्याआधी रोग्याला पातळ पेज द्यायची, अंथरुणावर ठेवायचं आणि दिवस मोजायचे, याखेरीज कुणाच्या हातात फारसं काही नव्हतं. औषध येऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी दिवस मोजायची सवय गेली नाही. त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्या तिसऱ्या आठवड्याकडे आपण आशेने बघतो, आतडं फुटायचा धोका सर्वांत जास्त असतो तो त्याच आठवड्यात.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. टायफॉइडचा जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शरीराच्या पहारेकरी पेशींचे चट्टे असतात. पेयर नावाच्या स्विस वैद्याने सतराव्या शतकात त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. जंतू याच चट्ट्यांतून आत शिरतो, यकृत, प्लीहा आणि हाडांच्या मगजात वाढतो, पित्ताशयात मुक्काम करतो आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात उतरतो. तिथे त्याच चट्ट्यांवर त्याचा दुसरा हल्ला होतो. पहिल्या आठवड्यात ते सुजतात, दुसऱ्यात कुजायला लागतात, पुढे त्यांची खपली पडून जखमा होतात. जखमेतून रक्त गेलं तर शौचाला काळं किंवा लाल होतं. जखम आरपार गेली तर आतड्यातली घाण पोटात सांडते. म्हणजे ताप रेंगाळत असतो तेव्हा आत हे काम चालू असतं. आपण बाहेरून थर्मामीटर बघत बसतो.

हे दुर्मीळ आहे, हेही सांगितलं पाहिजे. टायफॉइड झालेली बहुतेक माणसं औषधाने बरी होतात. रुग्णालयात भरती करावं लागलेल्या दर शंभर टायफॉइड रुग्णांत एक ते तीन जणांचं आतडं फुटतं. पण फुटल्यावर हिशेब बदलतो. गरीब आणि मध्यम देशांतल्या रुग्णालयांचे अनुभव एकत्र केले तर अशा साधारण सहा-सात रुग्णांमागे एक जण दगावतो. कोण वाचतं आणि कोण नाही, हे पुष्कळसं दोन गोष्टींवर ठरतं. योग्य औषध किती लवकर सुरू झालं, आणि फुटल्यापासून किती तासांत पोट उघडलं. म्हणून मी याला नुसतं नशीब म्हणायला तयार नाही. हा हरवलेल्या दिवसांचा हिशेब आहे, आणि ते दिवस कुठे हरवतात हे मला माझ्याच घरात दिसलं.

पहिले दिवस गेले कागदावर. तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल चाचणी झाली, "पॉझिटिव्ह" आली, सलाइन लागलं. ही चाचणी फर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली काढली. ती रक्तात जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती प्रतिद्रव्यं साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. आमच्यासारख्या भागात ती जुन्या संसर्गामुळेही रक्तात असू शकतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या विडालवरून टायफॉइड आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. खरी चाचणी म्हणजे ब्लड कल्चर. ती पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस जाण्याआधी केली तर सर्वांत उपयोगी. तीही प्रत्येक रुग्णात जंतू पकडत नाही आणि निकालाला दोन-तीन दिवस लागतात. पण जंतू सापडला तर त्याच्यावर कोणतं औषध चालेल हेही कळतं. आम्हाला तिचं नाव मुंबईत पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

पुढचे दिवस गेले अर्ध्या औषधात. योग्य औषध सुरू केलं तरी टायफॉइडचा ताप पुष्कळदा चार ते सहा दिवसांनी उतरतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरेना म्हणून आपाने डॉक्टर बदलला. दुसऱ्यांनी औषध बदललं, त्याने थोडा आराम पडला तेव्हा गोळ्या थांबवल्या. चार दिवसांनी ताप परत आला. अर्धवट औषधाचं नुकसान एका घरापुरतं राहत नाही. आपल्या देशात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी एकेकाळची हुकमी गोळी टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर चालेनाशी झाली आहे, त्यात अशा अर्ध्या पट्ट्यांचाही वाटा आहे.

आणि शेवटचा आठवडा गेला माझ्या शब्दावर. घरात शिकलेला मी, म्हणून आपाने मला विचारलं होतं, "मोठ्या दवाखान्यात नेऊ का?" मी म्हणालो, "थांब, मुदतीचा आहे." तिच्या सासूने तावीज आणला. त्यावरून मी तिची थट्टा केली. आज वाटतं, तिचा तावीज आणि माझं "थांब" यांत फार फरक नव्हता. उलट तिने निदान काहीतरी केलं होतं.

आपल्याकडे अशा वेळी तकदीर हा शब्द फार लवकर येतो. हजरत उमर शामकडे निघाले असताना वाटेत कळलं की तिकडे साथ पसरली आहे. त्यांनी काफिला परत फिरवला. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. हा प्रसंग आपल्या मौलानांना पाठ असतो. करोनाच्या काळात तो मिंबरवरून ऐकूही आला. पण साथ नसलेल्या, एकेका घरात गुपचूप येणाऱ्या तापाला आपण तो लावत नाही. उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा ही शिकवण सगळ्यांना ठाऊक आहे. टायफॉइडमध्ये उंट बांधणं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कल्चर, पूर्ण पट्टी आणि पोटावर नजर.

पाण्याबद्दलही आपला एक घोळ आहे. पाक पाणी आणि पिण्याजोगं पाणी यांत आपण फरक करत नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या फिकहप्रमाणे ठरावीक मापापेक्षा जास्त पाणी असेल, तर नापाकीने त्याचा रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय ते नापाक ठरत नाही. इबादतीसाठी ही कसोटी सोपी आणि पुरेशी आहे. पण टायफॉइडचा जंतू पाण्याचा रंग बदलत नाही, वास बदलत नाही, चवही बदलत नाही. वजूला चालणारं पाणी त्यामुळे प्यायलाही चालतंच असं नाही. मोहर्रमची सबील, रमजानचं सरबत, लग्नातला बर्फ घातलेला रूहअफजा, या सगळ्यांत सवाबची नियत असते. पण बर्फ झाल्याने जंतू मरतोच असं नाही, तो उकळल्याने मरतो. सबील लावणाऱ्या मुलांनी आदल्या रात्री पाणी उकळून ठेवलं तर सवाब कमी होणार नाही.

मात्र सगळा दोष घराच्या उंबऱ्याआत टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. आमच्या दोन तालुक्यांत पाण्याची कमतरता निसर्गाने दिलेली नाही. पावसाळ्यात इथे कोसळतं ते पाणी नद्यांनी आणि धरणांनी वाहून जातं. उल्हास कर्जतवरून पुढे बदलापूर-उल्हासनगरची तहान भागवते. चौकजवळ धावरी नदीवरचं मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे, पण मालकी नवी मुंबई महानगरपालिकेची. दिवसाला सुमारे ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. ते पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन वाशी-नेरूळच्या नळांना जातं. धरणाच्या आसपासच्या डोंगरांतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये डवऱ्यातलं पाणी वाटीवाटीने भरतात.

आता याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते पाहा. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने टायफॉइडच्या नव्या लसीची, टीसीव्हीची, मोहीम घेतली. नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना लस टोचली. सरकारी यंत्रणेने ही लस सार्वजनिकरीत्या देण्याची ती जगातली पहिली मोहीम होती. पुढच्या अभ्यासांत तिथल्या मुलांमधला टायफॉइड लक्षणीय घटल्याचं दिसलं. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. महापालिकेने चांगलं काम केलं, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण पाणी ज्या तालुक्यातून गेलं, तिथल्या मुलांपर्यंत ती लस आली नाही. आमच्या उपकेंद्रात आजही ती मोफत मिळत नाही. खासगीत मिळते, पण वीटभट्टीवर किंवा फार्महाऊसवर राबणाऱ्या माणसाला तो खर्च सुचतही नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. टायफॉइड हा शहरांचा रोग आहे, खेड्यांत तो कमी असतो. २०१७ ते २०२० या काळात देशात झालेल्या मोठ्या पाहणीत दिल्ली, कोलकाता, वेल्लोर अशा शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ रुग्ण आढळले, तर पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात फक्त ३५. मग कर्जत-खालापूरला लस कशाला? माझं उत्तर असं की नेरळ, कर्जत, खोपोली आता खेडी राहिलेली नाहीत. स्वस्त घर मिळतं म्हणून मुंबईहून माणसं इथे येतात. शेतात इमारती उभ्या राहतात, टँकर सुरू होतात, नळाची पाइप गटाराला लागून जाते. वस्ती शहराची, सोयी गावाच्या. यापेक्षा टायफॉइडला सोयीची जागा कोणती? निदान इथली पाहणी तरी करा, आकडा कमी निघाला तर मी हा लेख मागे घेईन.

लसीबद्दल आपल्या मोहल्ल्यांत कुजबूज असते, म्हणून तेही लिहितो. ही लस दक्षिणेतल्या आपल्या हैदराबादेत भारत बायोटेकने तयार केली. सिंधमध्येही एक हैदराबाद आहे. तिथे २०१६ च्या अखेरीस असा टायफॉइड पसरला की त्यावर नेहमीची जवळजवळ सगळी प्रतिजैविकं हरली. मग पाकिस्तानने २०१९ मध्ये हीच लस मुलांच्या नियमित लसीकरणात घेतली, असं करणारा तो पहिला देश. नेपाळने २०२२ मध्ये घेतली. हजला जाताना मेंदूज्वराची लस आपण रांगेत उभं राहून टोचून घेतो, कारण तिच्याशिवाय हज होत नाही. मग पोराच्या टायफॉइडच्या लसीवर शंका का?

ही मागणी फक्त आमच्या मोहल्ल्यासाठी नाही. मोरबे धरणाच्या वरच्या अंगाला इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं की तिथे गाडीचा रस्ताच नव्हता, मदत करणारे चिखलातून चढून गेले. अशा कितीतरी वाड्या आजही आहेत. माझ्या भाच्याला दुपारी दीडला दुखायला लागलं, दारात रिक्षा होती, तरी रात्रीचे अकरा वाजले. डोलीतून उतरवाव्या लागणाऱ्या माणसाला किती वाजतील? त्याच्यासाठी लस ही चैन नाही, कारण सर्जनपर्यंत तो वेळेत पोचण्याची शक्यताच कमी आहे.

म्हणून जमातीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. एक, मोरब्याच्या पाण्यावर वाढलेल्या नवी मुंबईच्या मुलांना मिळाली ती लस कर्जत-खालापूरच्या मुलांना मिळावी, असं निवेदन जिल्हा परिषदेला द्यायचं, आणि त्यावर आदिवासी वाड्यांच्या, बौद्धवाडीच्या, आगरी-मराठा आळ्यांच्या सह्या आपल्या सह्यांच्या बरोबरीने घ्यायच्या. दोन, पावसाळ्याच्या चार महिन्यांत एका जुम्याला खुतब्याआधी पाच मिनिटं या तापासाठी द्यायची. त्यात सांगायचं एवढंच: तीन-चार दिवस ताप हटला नाही तर प्रतिजैविकाआधी ब्लड कल्चरबद्दल डॉक्टरांना विचारा. दिलेली गोळी पूर्ण करा. टायफॉइडच्या रुग्णाला अचानक पोटात दुखलं, पोट फळीसारखं कडक झालं, उलट्या लागल्या, वारा सरेना, शौचाला काळं झालं, किंवा ताप एकदम उतरून माणूस गळून गेला, तर १०८ ला फोन करा आणि जिथे सर्जन आहे तिथेच न्या. रेशनकार्ड बरोबर ठेवा आणि रुग्णालय महात्मा फुले योजनेत आहे का ते विचारा. आणि घरातल्या मुलींचं, सुनांचं दुखणंही याच घाईने बघा. त्या पोटदुखी सांगतात तेव्हा आधीच एक दिवस सोसलेला असतो.

भाच्याला ती पिशवी चार महिने होती. त्या काळात त्याने मशिदीत येणं बंद केलं. पोटावर नजासत घेऊन सफेत कसं उभं राहायचं, असं त्याला वाटे, आणि विचारायचीही लाज वाटे. शेवटी इमामसाहेब स्वतः घरी आले. म्हणाले, "बेटा, तू माजूर आहेस. दर फर्जला नव्याने वजू कर आणि नमाज पढ. दीनने तुझ्यासाठी जागा ठेवली आहे." पुढच्या जुम्याला तो मागच्या सफेत उभा राहिला. नंतर आतडं पुन्हा जोडलं गेलं. आज तो खोपोलीत गॅरेजमध्ये काम करतो, पोटावर एक लांब व्रण आहे, बाकी ठणठणीत आहे.

आपा मात्र बदलली. नातवंडांना ताप चढला की ती शांत असते, औषध देते, कपाळावर पट्ट्या ठेवते. ताप उतरला की तिची झोप उडते. रात्री उठून पोराच्या पोटावर हलकेच हात ठेवते, ते मऊ आहे ना बघते, आणि मगच शुक्र म्हणते.